होमोसिस्टीनचा थिसिस

एमडी बायोकेमिस्ट्रीला थिसिसचा विषय बहुतेक वेळा गाइड देतात आणि आपण घेतो. मला मिळाला तो असा: हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांच्या रक्तातलं होमोसिस्टीन आणि बी-१२ जीवनसत्त्व. वरवर पाहिलं तर साधा विषय. सॅम्पल गोळा करायची, किट लावायचं, टेबलं करायची, बाइंडिंगला द्यायचं. पण गाइड सरांनी सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, लिहायच्या आधीच एक जुना पेपर हातात ठेवला. म्हणाले, "हा पूर्ण वाच. ॲब्स्ट्रॅक्ट नाही, पूर्ण." तो किल्मर मॅक्कली या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टचा १९६९ चा पेपर होता, अमेरिकन जर्नल ऑफ पॅथॉलॉजीमधला. तो वाचल्यावर थिसिस ही उरकून टाकायची गोष्ट राहिली नाही.

आधी होमोसिस्टीन म्हणजे काय ते सांगते. आपण खातो त्या प्रथिनांत मेथिओनीन नावाचं अमिनो आम्ल असतं. शरीर त्यातला मिथाइल गट काढून घेऊन ठिकठिकाणी वापरतं, आणि मागे उरतं ते होमोसिस्टीन. त्याला पुढे दोन वाटा असतात. एक परतीची: फोलेट या बी गटातल्याच जीवनसत्त्वाने आणून दिलेला मिथाइल गट लावायचा की पुन्हा मेथिओनीन तयार. हे काम करणाऱ्या एन्झाइमला बी-१२ लागतंच, त्याशिवाय ते हलत नाही. दुसरी वाट बी-६ च्या मदतीने सिस्टाथायोनीनकडे आणि तिथून सिस्टीनकडे जाते. यातली कुठलीही वाट अडली की होमोसिस्टीन पेशींतून बाहेर पडून रक्तात साचतं. प्रौढ माणसात साधारण १५ मायक्रोमोल प्रतिलिटरपर्यंत ठीक धरतात.

आता मॅक्कली. १९६२ साली बेलफास्टमध्ये मतिमंद मुलांच्या लघवीच्या तपासण्यांत होमोसिस्टिन्युरिया हा जन्मजात आजार सापडला. दुसऱ्या वाटेवरचं, बी-६ वर चालणारं एन्झाइम नसतं, म्हणून हा आजार होतो. डोळ्यांतलं भिंग जागेवरून सरकतं, हाडं लांबतात, रक्ताच्या गुठळ्या होतात. पुढे बॉस्टनमध्ये अशीच एक मुलगी दाखवायला आणली, तेव्हा तिच्या आईला आठवलं की तिचा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा, लहानपणीच वारला होता. तो मुलगा आठ वर्षांचा असताना, १९३३ साली, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पक्षाघाताने गेला होता. मॅक्कलींचा जन्मही १९३३ चाच. त्यांना ही हकीकत कळली तेव्हा त्यांनी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात जपून ठेवलेले त्या मुलाचे जुने ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले ऊतींचे तुकडे, शोधून काढले, त्यांचे नव्याने पातळ काप घेतले आणि मायक्रोस्कोपखाली पाहिले. आठ वर्षांच्या पोराच्या मानेतल्या धमन्या म्हाताऱ्या माणसासारख्या जाड आणि अरुंद झाल्या होत्या. आणि त्या जाडीत कोलेस्टेरॉल नव्हतंच.

एवढ्यावर कुणीही म्हणालं असतं की हा त्या दुर्मीळ आजाराचा परिणाम. मॅक्कली इथे थांबले नाहीत म्हणून मला त्यांचा पेपर इतका आवडतो. त्यांच्याकडे दुसरं एक प्रकरण होतं, दोन महिन्यांच्या बाळाचं. त्याचा बिघाड परतीच्या वाटेवर होता, बी-१२ वापरता न येण्याचा. दोन्ही मुलांची बायोकेमिस्ट्री शेजारी शेजारी मांडली तर पहिल्यात मेथिओनीन वाढलेलं आणि सिस्टाथायोनीन नाहीच, दुसऱ्यात मेथिओनीन कमी आणि सिस्टाथायोनीन भरपूर. सगळंच उलट. तरी धमन्या दोघांच्याही तशाच खराब. दोघांत सारखं होतं ते फक्त वाढलेलं होमोसिस्टीन. मग धमनी बिघडवणारा पदार्थ तोच असला पाहिजे, आणि दुर्मीळ आजार नसलेल्या माणसांतही तो थोडा थोडा वाढत असेल तर वर्षानुवर्षं तेच काम हळूहळू करत असेल, असं त्यांनी लिहिलं. दोन मुलांच्या पोस्टमॉर्टेमवरून एवढा मोठा विचार! मी तो भाग रात्री हॉस्टेलवर दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी सरांना म्हटलं, विषय पक्का.

त्या काळात सगळा जोर कोलेस्टेरॉलवर होता. मॅक्कलींच्या म्हणण्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना हार्वर्ड आणि ते हॉस्पिटल सोडावं लागलं. बरीच खटपट करून ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या माजी सैनिकांच्या इस्पितळात नोकरी मिळाली, आणि तिथे त्यांनी काम चालू ठेवलं. १९९० च्या दशकात मोठमोठ्या पाहण्यांनी होमोसिस्टीन आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवला, तेव्हा लोकांनी जुना पेपर पुन्हा काढला. २०२५ साली, ९१ व्या वर्षी ते गेले. कल्पना चूक ठरली तर खोडून काढावी. ती तपासायचीच नाही आणि माणसाला बाहेर काढायचं, हा त्यांच्यावर झालेला अन्यायच होता असं माझं स्पष्ट मत आहे.

सिनॉप्सिस मंजूर झाला, मग एथिक्स कमिटी. कमिटीतल्या एका ज्येष्ठ मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "बी-१२ कमी निघालं तर त्या पेशंटला तू सांगणार आहेस का, की फक्त तुझ्या टेबलात घालणार?" संमतीपत्रात त्यांनी ओळच घालायला लावली की रिपोर्ट रुग्णाला आणि त्याच्या युनिटला मिळेल. त्या ओळीमुळे पुढचं माझं बरंच काम बदललं.

सॅम्पल गोळा करणं हा थिसिसमधला खरा कष्टाचा भाग. मेथिओनीन जेवणातून येतं म्हणून सॅम्पल उपाशीपोटी हवं, म्हणजे पेशंटचा चहा येण्याआधी मी वॉर्डात हवी. जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब, आणि ती भरल्या भरल्या बर्फात. हे बर्फाचं प्रकरण लोकांना नखरा वाटतं, पण कारण भक्कम आहे. रक्त काढल्यावरही लाल पेशी जिवंत असतात आणि होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात. ट्यूब नुसती टेबलावर ठेवली तर आकडा तासाला साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. वॉर्डातलं नेहमीचं रक्त वॉर्डबॉय मामा एकदम गोळा करून लॅबला आणतात, तोवर दोन-तीन तास सहज जातात. म्हणजे ज्याचं होमोसिस्टीन १४ आहे त्याचं कागदावर १८ लागणार आणि धडधाकट माणूस गोळ्या सुरू करणार. म्हणून ट्यूबा मी कुणाकडेही दिल्या नाहीत. ब्लड बँकेतून बर्फ घ्यायचा, थर्माकोलच्या डब्यात ट्यूबा उभ्या करायच्या आणि जिने उतरून थेट सेंट्रीफ्यूजपाशी.

बर्फ वितळला की चिकटवलेली लेबलं सुटतात. त्यामुळे नंबर मार्करने थेट काचेवर लिहायचा, आणि झाकणावर पुन्हा एकदा. सेंट्रीफ्यूज थांबला की वर फिकट पिवळा प्लाझ्मा आणि खाली पेशींचा थर. लालसर प्लाझ्मा आला तर पेशी फुटल्या, सॅम्पल बाद. दुधाळ आला तर आदल्या दिवशी नातेवाइकांनी डब्यात काय आणलं होतं ते विचारायचं. पिपेटने वरचा प्लाझ्मा घेताना टोक पेशींच्या थराला लागू द्यायचं नाही. एकदा प्लाझ्मा वेगळा झाला की होमोसिस्टीन टिकाऊ असतं, फ्रीजरमध्ये महिनोन्महिने चालतं. जी काय घाई असते ती पहिल्या अर्ध्या-पाऊण तासाची.

किट महाग असल्यामुळे सॅम्पल साठवून बॅचने लावायची. रक्तातलं बहुतेक होमोसिस्टीन मोकळं नसतंच, अल्ब्युमिनला गंधकाच्या बंधाने चिकटलेलं असतं. म्हणून पहिल्या टप्प्यात तो बंध तोडायचा आणि सगळं मोकळं करून मग मोजायचं. प्रत्येक बॅचला कंट्रोल सिरम, म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत आहे ते, लावायचं, ते ठरल्या मर्यादेत आलं नाही तर अख्खी बॅच पुन्हा. सोबत क्रिएटिनीनही केलं, कारण मूत्रपिंड मंदावलं की होमोसिस्टीन आपोआप वाढतं आणि दोष विनाकारण जीवनसत्त्वावर जातो.

सरांच्या दोन सूचना मला अजून मोलाच्या वाटतात. पहिली अशी की झटक्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आकडा काहीसा खाली असतो आणि नंतर चढतो, त्यामुळे आयसीसीयूतलं (हृदयाच्या अतिदक्षता विभागातलं) एकच सॅम्पल फसवं, दीड महिन्याने फॉलोअपला दुसरं घ्यायचंच. दुसरी सूचना कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी झटका न आलेले लोक, निवडण्याची. मी पेशंटच्या नातेवाइकांना घेणार होते, ते सोयीचं होतं. सर म्हणाले, "नवऱ्याच्या ताटात जे, तेच बायकोच्या ताटात. मग फरक दिसणार कुठून?" शेवटी ऑर्थोच्या ओपीडीत गुडघे आणि खांदे घेऊन आलेल्या, हृदयाची तक्रार नसलेल्या त्याच वयाच्या लोकांना विनंती करत बसले. बरेच लोक हो म्हणाले. सरकारी दवाखान्यात रांगेत उभी असलेली माणसं, स्वतःला काही फायदा नसताना हात पुढे करतात, हे मी फार जवळून पाहिलं.

एक पेशंट सांगायलाच हवेत. पन्नाशीचे शेतकरी, गळ्यात तुळशीची माळ. स्टेंट टाकून झाला होता. मी सुई काढली तशी त्यांची बायको म्हणाली, "मॅडम, सारखं रक्त काढताय, अंगात राहील का काही?" मी समजावलं, संमतीपत्र वाचून दाखवलं, दोघांनी ऐकून घेतलं. रिपोर्ट आला तेव्हा बी-१२ खूपच खाली आणि होमोसिस्टीन चाळिशीच्या पुढे. क्रिएटिनीन व्यवस्थित. मी खाण्यापिण्याचं विचारायला गेले.

"काका, अंडी वगैरे?"

"माळ हाय नव्हं. घरात बी चालत न्हाई."

"मग दूध?"

"चार म्हशी हायत." मला बरं वाटलं. तेवढ्यात काकू मध्येच म्हणाल्या, "सगळं डेअरीला जातंय, मॅडम. घरी चहापुरतं."

बी-१२ फक्त सूक्ष्मजीव बनवतात. कुठल्याही पालेभाजीत, डाळीत, धान्यात ते नसतं. प्राण्यांच्या पोटातल्या जिवाणूंनी केलेलं दूध, अंडी, मांस, मासळीतून आपल्यापर्यंत येतं. आंबवलेलं पीठ, स्पिरुलिना यांच्या भरवशावर राहू नये, स्पिरुलिनात बहुतांशी असतं ते आपल्या शरीराला चालत नाही. म्हणजे माळकरी माणसाला उरतं दूध, दही, ताक, आणि तेच दूध रोज पहाटे कॅनमध्ये भरून रस्त्यावर जातं, कारण त्याच पैशावर किराणा आणि पोरांची फी चालते. काकांच्या निदानाचा एक भाग डेअरीच्या पासबुकात होता असंच मी म्हणेन. त्यांना माळेविषयी मी काही बोलले नाही आणि बोलायची गरजही नव्हती. युनिटच्या डॉक्टरांनी बी-१२ च्या गोळ्या लिहिल्या. रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना दंडात, कमरेत इंजेक्शनं नकोत म्हणून गोळ्या, आणि मोठ्या मात्रेतली गोळी साधारण एक टक्का थेट आतड्यातून शोषली जाते तेवढं पुरतं. मी काकूंना वेगळं घेऊन सांगितलं की ही गोळी हृदयाच्या चालू असलेल्या चार गोळ्यांच्या बदल्यात नाही, त्यांच्यासोबत आहे. दीड महिन्याने काका आले तेव्हा आकडा निम्म्याच्या खाली होता. तळपायाला येणाऱ्या मुंग्या कमी झाल्याचं त्यांनी आपणहून सांगितलं. मुंग्यांचं आधी कुणी विचारलंच नव्हतं. रोज एक पेला दूध घरी राहायला लागलं होतं.

वाचन चालूच होतं. विषय अमेरिकेतून आल्यासारखा वाटत होता, पण त्याची एक मुळी मुंबईत निघाली. १९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली, कापड गिरण्यांतल्या गरोदर बायकांच्या गंभीर पंडुरोगाचा अभ्यास करायला. त्या बायकांच्या लाल पेशी संख्येने कमी पण आकाराने मोठ्या होत्या. यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, दिल्यावर त्या बऱ्या व्हायला लागल्या. त्या अर्कात जे होतं ते पुढे फोलेट म्हणून ओळखलं गेलं. परळ-लालबागच्या त्या बायकांची नावं कुठे नोंदलेली मला सापडली नाहीत. आज जगभर गरोदरपणात फोलिक ॲसिड, म्हणजे फोलेटचं गोळीतलं रूप, दिलं जातं, त्याची सुरुवात त्यांच्या रक्तातून झाली.

आणि मग पुणे. केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला आणि त्यांची मुलं मोठी होईपर्यंत चालू ठेवला. त्यांच्याच गटाने नॉर्वेच्या संशोधकांबरोबर २००१ साली पुण्यातल्या २०४ प्रौढांचे आकडे छापले: ४७ टक्के लोकांत बी-१२ कमी, ७७ टक्के लोकांत होमोसिस्टीन वाढलेलं. यात हृदयविकार आणि मधुमेह असलेले होते, नसलेलेही होते, आणि होमोसिस्टीनमध्ये त्या गटांत म्हणावा तसा फरक नव्हता. २००६ साली गावातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांची पाहणी आली, त्यात मध्यमवर्गीयांपैकी ८१ टक्के लोकांचं बी-१२ कमी होतं. म्हणजे खाऊनपिऊन सुखी घरांत सगळ्यात जास्त! माझ्या छोट्या थिसिसमध्येही तेच दिसलं. झटका आलेले आणि गुडघे दुखणारे, दोन्हींकडे होमोसिस्टीन चढलेलं. बाहेरच्या देशांत जो आकडा आजाऱ्याला निरोग्यापासून वेगळा काढतो, तो इथे दोघांतही वर असल्यामुळे वेगळं काढायला कामी येत नाही.

मग सरळ प्रश्न उरतो, जीवनसत्त्वं देऊन आकडा खाली आणला तर झटके टळतात का? हे तपासून झालेलं आहे. २००६ साली दोन मोठ्या चाचण्या एका वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात आल्या. नॉर्वेतल्या नॉरव्हिटमध्ये नुकताच झटका येऊन गेलेले ३,७४९ रुग्ण होते. होमोसिस्टीन २७ टक्क्यांनी उतरलं, झटके कमी झाले नाहीत. होप-२ मध्ये ५,५२२ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना पाच वर्षं फोलिक ॲसिड, बी-६, बी-१२ दिलं. हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि झटके तेवढेच, पक्षाघात मात्र थोडे कमी. पुढे २०१५ साली चीनमध्ये रक्तदाबाच्या वीस हजारांवर रुग्णांत औषधाला फोलिक ॲसिडची जोड दिली तेव्हा पहिला पक्षाघात २१ टक्क्यांनी कमी झाला. तिथल्या धान्यात फोलिक ॲसिड मिसळलेलं नव्हतं. अमेरिकेत ते १९९८ पासून पिठात घालतातच. ज्यांच्याकडे कमतरता नाही त्यांना गोळी देऊन फार काही हाती लागत नाही, हे मला यातून पटतं. मॅक्कलींच्या त्या दोन मुलांच्या धमन्या खऱ्या होत्या. नॉर्वेतल्या रुग्णांचे झटकेही तितकेच खरे होते. दुसऱ्याकडे डोळेझाक करून पहिल्याचं कौतुक करता येत नाही.

म्हणूनच "होमोसिस्टीन कमी करा, हृदय वाचवा" अशा पाकिटांचा मला मनापासून राग येतो. अशा पाकिटाच्या भरवशावर कुणी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी), ॲस्पिरिन बंद केलं तर ते जिवावर बेतेल. आणि नुसतं फोलिक ॲसिड घेत राहिलं तर दुसरा घोटाळा होतो: रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो, आतून बी-१२ ची कमतरता तशीच राहते आणि मज्जातंतू खराब होत जातात. पुण्याच्या त्याच सहा गावांच्या अभ्यासात, गरोदरपणी ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आढळलं.

स्टॅटिस्टिक्स, बाइंडिंग, सह्या हे सगळ्यांचं होतं तसंच झालं. व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक थिसिस चाळत म्हणाले, "मग डॉक्टर, अटॅकच्या प्रत्येक पेशंटचं होमोसिस्टीन करायचं का?" मी नाही म्हणाले. तरुण वयात झटका किंवा गुठळी झालेल्यांचं करावं, भिंग सरकलेल्या मुलांचं नक्की करावं. बाकी आपल्याकडे जो शाकाहारी आहे, जो वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या घेतो, त्याचं बी-१२ आधी करावं, ते स्वस्त आहे आणि त्यावर उपाय आहे. उपाय हृदयासाठी म्हणून करू नये, कमतरता आहे म्हणून करावा. त्यांनी मग ट्यूब बर्फात का ठेवली ते विचारलं, आणि आम्ही दोघं त्यावरच बराच वेळ बोलत राहिलो.

आता मी एका लॅबमध्ये रिपोर्टवर सही करते. होमोसिस्टीन वाढलेलं आलं की सही करण्याआधी कलेक्शनवाल्याला फोन करून ट्यूब कधी भरली आणि बर्फात आली का ते विचारते. उत्तर समाधानकारक नसेल तर सॅम्पल पुन्हा मागवते, पैसे न घेता. व्यवस्थित असेल तर खाली दोन ओळी टाकते: "बी-१२, फोलेट व क्रिएटिनीन तपासून घ्यावे. हृदयाची चालू औषधे बंद करू नयेत." संगणकात ही टीप मराठीत बसवून घ्यायला आयटीवाल्यांच्या फार मागे लागावं लागलं. आता बसली आहे.